वय वर्षे १८ पूर्ण. आता रक्त कोण देणार?

चार महिन्यांपूर्वी ओपीडीत २४ वर्षांचा एक मुलगा आला. मुलगा म्हणतोय खरा, पण चांगला कमावता माणूस आहे तो. कापडाच्या होलसेल दुकानात हिशेब लिहितो. एक मजला चढून येईपर्यंत त्याला धाप लागली होती. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, तर पांढरीफटक. रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ५.८.

"शेवटचं रक्त कधी चढवलं?" मी विचारलं.

"पाच आठवडे झाले, सर. एकच पिशवी मिळाली."

"एकच का?"

तो हसला. "लहान होतो तेव्हा एक पिशवी पुरायची. आता वजन वाढलं, दोन लागतात. पण देतात एकच. मोठा झालो, ही माझीच चूक झाली."

या मुलाला सहा महिन्यांचा असल्यापासून थॅलेसेमिया मेजर आहे. बालरोग विभागातल्या केंद्रात तो वाढला. तिथल्या सिस्टरना त्याचं टोपणनाव माहीत होतं, कुठल्या हाताची शीर लवकर सापडते तेही माहीत होतं. १८ पूर्ण झाल्यावर त्याच्या हातात फाईल दिली आणि सांगितलं, "इथलं तुझं संपलं. आता मोठ्यांच्या वॉर्डात जा." मोठ्यांच्या वॉर्डात त्याची कुणी वाट पाहत नव्हतं. तेव्हापासून दर महिन्याला नवा डॉक्टर, नवा केसपेपर, तेच प्रश्न, आणि "दोन डोनर घेऊन ये, मग बघू."

आज मला याच विषयावर भांडायचं आहे. आपल्याकडे थॅलेसेमिया हा "लहान मुलांचा आजार" म्हणून ओळखला जातो. जाहिरातीत लहान मूल, रक्तदान शिबिराच्या फलकावर लहान मूल, मदत मागायची तर लहान मुलाचा फोटो. हे चित्र आता खोटं ठरलंय. ती मुलं मोठी झाली. आपणच ती जगवली. आणि मोठी झाल्यावर आपणच त्यांना वाऱ्यावर सोडतोय.

आधी आजार थोडक्यात

आपल्या तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन नावाचं प्रथिन असतं. ते फुफ्फुसातला प्राणवायू शरीरभर पोहोचवतं. थॅलेसेमियात हे प्रथिन बनवणाऱ्या जनुकात दोष असतो. आईवडील दोघांकडून एकेक सदोष जनुक आलं, तर मूल थॅलेसेमिया मेजर होऊ शकतं. अशा मुलाच्या अस्थिमज्जेत तांबड्या पेशी तयार व्हायला लागतात, पण पूर्ण होण्याआधीच मरतात. अमेरिकेत डॉ. थॉमस कूली यांनी १९२५ साली या आजाराचं वर्णन केलं, तेव्हा अशी मुलं काही वर्षांतच दगावत. नियमित रक्त मिळू लागल्यावर ती जगू लागली.

भारतात दर शंभरात सुमारे तीन ते चार लोक या आजाराचे वाहक, म्हणजे थॅलेसेमिया मायनर आहेत. वाहकाला स्वतःला सहसा काही त्रास नसतो. सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी, गुजराती, बंगाली समाजांत हे प्रमाण जास्त आहे. म्हणून फाळणीनंतर वसलेल्या उल्हासनगरसारख्या शहरात हा आजार घरोघरी माहीत असतो. पण "आमच्यात नसतो" असं कुठल्याच समाजाने म्हणू नये. माझ्याकडे अस्सल मराठी आडनावांचेही रुग्ण येतात.

पिशव्यांचं साधं गणित

आता मुद्द्यावर येतो. रक्त किती लागतं, हे वजनावर ठरतं. दर खेपेला किलोमागे साधारण १० ते १५ मिली तांबड्या पेशी द्याव्या लागतात.

१२ किलोचं मूल घ्या. १५ गुणिले १२, म्हणजे १८० मिली. एका पिशवीत काम भागलं. दर चार आठवड्यांनी एक पिशवी धरली, तर वर्षाला १३ पिशव्या.

आता तेच मूल २५ वर्षांचं झालं, वजन ५० किलो. त्याला दर तीन आठवड्यांनी दोन पिशव्या धरल्या, तरी वर्षाला ३५ होतात. प्लीहा वाढलेली असेल, तर त्याहून जास्त.

कुठे १३ आणि कुठे ३५! आणि आपण त्याला काय देतो? लहानपणी द्यायचो तेवढंच. पुष्कळ ठिकाणी त्याहूनही कमी. तीन वर्षांच्या मुलाचा शर्ट पंचविशीच्या माणसाला घालायला दिला, तर लोक हसतील. रक्ताच्या बाबतीत आपण तेच करतो, आणि कुणालाही हसू येत नाही की रडू येत नाही.

"सातच्या खाली गेलं की ये"

मोठ्यांच्या वॉर्डात गेल्यावर दुसरं संकट उभं राहतं, आणि त्याचं मूळ आमच्या डॉक्टरी शिक्षणात आहे.

आम्हाला शिकवलेलं असतं की दवाखान्यात दाखल असलेल्या, स्थिर प्रकृतीच्या प्रौढ रुग्णाला हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेल्याशिवाय सहसा रक्त देऊ नये. हा नियम चांगला आहे. अभ्यासांतून तयार झालेला आहे. विनाकारण रक्त चढवणं त्यामुळे थांबलं. पण तो कुणासाठी आहे? ज्याचा कारखाना चालू आहे त्याच्यासाठी. ज्याची अस्थिमज्जा उद्या, परवा, पुढच्या आठवड्यात स्वतः रक्त तयार करणार आहे, त्याच्यासाठी.

थॅलेसेमियाच्या रुग्णाचा कारखाना जन्मापासून बिघडलेला आहे. त्याला आपण रक्त देतो, त्यामागे दोन हेतू असतात. एक, शरीराला प्राणवायू मिळावा. दुसरा, तितकाच महत्त्वाचा हेतू म्हणजे त्या बिघडलेल्या अस्थिमज्जेला शांत बसवणं. म्हणून जगभरची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की पुढचं रक्त देण्याआधीचं हिमोग्लोबिन ९.५ ते १०.५ च्या दरम्यान राहायला हवं. हृदयाचा त्रास असेल तर आणखी वर.

ते सहा-सातवर ठेवलं तर काय होतं? अस्थिमज्जा जिवाच्या आकांताने फुगते. हाडं आतून पोखरल्यासारखी पातळ होतात. प्लीहा मोठी होते, आणि मोठी झालेली प्लीहा चढवलेलं रक्तच गिळायला लागते. म्हणजे कमी रक्त देऊन वाचवायला गेलो, तर पुढे जास्तच लागतं. आतडं अन्नातलं लोह अधिकाधिक शोषू लागतं. हृदय रात्रंदिवस ओझ्याखाली धावतं. आणि माणूस? माणूस थकून घरी बसतो. नोकरी सुटते. मग आपणच म्हणतो, "या आजारात माणूस काही करू शकत नाही."

"सातच्या खाली गेलं की ये" हे वाक्य थॅलेसेमियाच्या रुग्णाला सांगणं ही वैद्यकीय चूक आहे. मी शब्द जपून वापरतोय. चूक आहे.

आणि ही चूक मीही केलेली आहे. निवासी डॉक्टर असताना रात्री अडीच वाजता एका तरुणीला मी हेच सांगितलं होतं. तिचं हिमोग्लोबिन ७.४ होतं. रक्तपेढीत साठा कमी होता, अपघात विभाग भरलेला होता, आणि माझ्या डोक्यात तो सातचा नियम होता. ती काही बोलली नाही. पर्स उचलली आणि गेली. तिला सवय होती. दहा-बारा वर्षांनी या आजाराचा नीट अभ्यास केला, तेव्हा कळलं की त्या रात्री तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. म्हणून त्या रात्रपाळीच्या डॉक्टरावर मी दगड मारणार नाही. त्याला कुणी शिकवलेलंच नाही. दोष आहे तो ज्या व्यवस्थेने या रुग्णांना मोठ्यांच्या वॉर्डात जागाच ठेवली नाही, तिचा.

रक्त दिलं म्हणजे संपलं का?

नाही. खरी लढाई तिथून सुरू होते.

रक्ताच्या एका पिशवीतून शरीरात साधारण १५० ते २२५ मिलिग्रॅम लोह येतं. निरोगी माणसाच्या सगळ्या शरीरात मिळून तीन ते चार ग्रॅम लोह असतं. वर्षाला ३५ पिशव्या म्हणजे पाच ते आठ ग्रॅम! दरवर्षी! आणि जास्तीचं लोह बाहेर टाकायचा रस्ता शरीराला दिलेलाच नाही. रोज एक-दोन मिलिग्रॅम आपोआप जातं, तेवढंच.

मग ते लोह साठतं. यकृतात साठतं, हृदयात साठतं, मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत साठतं, स्वादुपिंडात साठतं. लहानपणी त्याचे परिणाम फारसे दिसत नाहीत. विशी-तिशीत सगळी थकबाकी एकदम वसूल होते. म्हणूनच प्रौढ थॅलेसेमिया हा वेगळा विषय आहे. मोठ्या झालेल्या रुग्णात काय काय बघावं लागतं, ते सांगतो:

हृदय: थॅलेसेमिया मेजरच्या रुग्णांच्या मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण रक्त कमी पडणं हे नव्हतं. हृदयात साठलेलं लोह हे होतं. यासाठी हृदयाचा टी-टू-स्टार एमआरआय करतात. त्याचं उत्तर २० मिलिसेकंदांच्या वर असेल तर बरं, १० च्या खाली गेलं तर धोक्याची घंटा. साधा ईसीजी आणि टू-डी इको नॉर्मल असतानाही हृदयात लोह असू शकतं. ब्रिटनमध्ये ही तपासणी रुळल्यावर या रुग्णांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू खूप कमी झाले.

यकृत: लोहामुळे आणि जुन्या हिपॅटायटिस सी मुळे यकृत खराब होतं. आज तिशीत असलेल्या अनेकांना लहानपणी जे रक्त मिळालं, त्या काळात आपल्याकडे दात्याच्या रक्ताची हिपॅटायटिस सी साठी सक्तीची तपासणी नव्हती. पण आता या आजारावर गोळ्या आहेत, बहुतेकांना १२ आठवड्यांत गुण येतो, आणि राष्ट्रीय कार्यक्रमात त्या मोफत मिळतात. तरीही "लहानपणी सी पॉझिटिव्ह आलं होतं" असं सांगणारे आणि त्याचं पुढे काहीच न केलेले रुग्ण मला भेटतात.

ग्रंथी: मधुमेह, थायरॉइड कमी होणं, कॅल्शियम कमी होणं, वयात न येणं, पाळी न येणं किंवा बंद होणं, पुरुषांत टेस्टोस्टेरॉन कमी असणं. एक गोष्ट लक्षात ठेवा. मधुमेहासाठी आपण जी तीन महिन्यांची एचबीए-वन-सी चाचणी करतो, ती या रुग्णांत फसवी असते. त्यांच्या शरीरातलं रक्त दुसऱ्याचं असतं, मग तीन महिन्यांची सरासरी कुणाची निघणार? त्यांना ग्लुकोज देऊन रक्तातली साखर तपासावी लागते.

हाडं: पंचविशीतल्या तरुणाची हाडं सत्तरीच्या आजीसारखी ठिसूळ असू शकतात. कंबरदुखीवर नुसतं मलम देऊन पाठवू नये.

प्लीहा काढलेल्यांचा ताप: ज्यांची प्लीहा शस्त्रक्रियेने काढलेली आहे, त्यांचा ताप ही इमर्जन्सी असते. काही तासांत जीव जाऊ शकतो. "दोन दिवस क्रोसिन घे" हा सल्ला इथे चालत नाही. न्यूमोकोकससारख्या जंतूंविरुद्धच्या लसी त्यांनी घेतलेल्या असायला हव्यात.

हे लोह काढायला तीन औषधं आहेत. डेस्फेरॉक्सामिन हे त्वचेखाली पंपाने आठ ते बारा तास द्यावं लागतं, आठवड्यातल्या पाच ते सात रात्री. डिफेरीप्रोनच्या गोळ्या दिवसातून तीनदा. डिफेरासिरॉक्स दिवसातून एकदा. डिफेरीप्रोन घेणाऱ्याला ताप आला, तर ती गोळी लगेच थांबवून त्याच दिवशी पांढऱ्या पेशी तपासायच्या असतात, कारण क्वचित त्या धोकादायक पातळीपर्यंत उतरतात. डिफेरासिरॉक्स घेणाऱ्याचं क्रिएटिनिन आणि यकृताच्या चाचण्या नियमित लागतात. हे सगळं कोण बघणार? दर महिन्याला बदलणारा डॉक्टर? त्याच्या हातात फाईल पोहोचते तोवर रक्त चढवून संपलेलं असतं.

आणि थॅलेसेमिया इंटरमीडिया असणाऱ्यांनाही विसरू नका. त्यांना रक्त कमी लागतं, म्हणून त्यांना कुणी गंभीर रुग्णच समजत नाही. पण आतड्यातून लोह साठत राहतं, पायावर न भरणाऱ्या जखमा होतात, शिरांत गुठळ्या होतात. "तुला कुठे रक्त लागतं" असं म्हणून त्यांची वर्षानुवर्षं तपासणीच होत नाही.

आता मला दिली जाणारी उत्तरं

या विषयावर बोललो की तीन उत्तरं ठरलेली असतात. ती एकेक करून घेतो.

पहिलं उत्तर: "डॉक्टर, रक्तच कमी आहे. मग आधी लहान मुलांना नको का द्यायला?"

ऐकायला हे माणुसकीचं वाटतं. पण रक्त खरंच कमी आहे का, की आपण ते वेड्यासारखं गोळा करतो? तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात. आपल्याकडे नेत्याचा वाढदिवस आला, जयंती आली, गणपती आले, की एकाच आठवड्यात शिबिरंच शिबिरं. वर भेटवस्तू. रक्तपेढ्यांचे फ्रिज ओसंडून वाहतात आणि उरलेल्या पिशव्या मुदत संपून फेकाव्या लागतात. मग मे महिना येतो. कॉलेजं बंद, लोक गावाला. दिवाळीची सुट्टी येते. तेव्हा थॅलेसेमियाच्या रुग्णाला सांगतात, "साठा नाही." वाढदिवस वर्षातून एकदा येतो. त्याचा आजार दर तीन आठवड्यांनी येतो.

गणित पुन्हा मांडतो. पुरुष दर तीन महिन्यांनी, म्हणजे वर्षातून चारदा रक्त देऊ शकतो. स्त्री दर चार महिन्यांनी, म्हणजे तीनदा. वर्षाला ३५ पिशव्या लागणाऱ्या एका प्रौढ रुग्णासाठी नियमित देणारी दहा-बारा माणसं पुरतात. दहा-बारा माणसं! आपल्या एका सोसायटीच्या एका विंगमध्ये तेवढी निघतात. म्हणून "मूल की मोठा" हा प्रश्नच खोटा आहे. नियोजन न करणाऱ्यांनी स्वतःच्या सोयीसाठी तो उभा केलेला आहे.

दुसरं उत्तर: "अशी मुलं जन्मालाच येऊ नयेत, त्यावर खर्च करा. तेच स्वस्त आहे."

अगदी बरोबर. लग्नाआधी किंवा गरोदरपणाच्या सुरुवातीलाच हिमोग्लोबिन ए-टू ची तपासणी व्हायलाच हवी. ती साधी रक्ततपासणी आहे. मी प्रत्येक जोडप्याला ती सांगतो. पण पुढच्या पिढीत आजार टाळायचा, म्हणून या पिढीतल्या माणसाचं रक्त कापायचं, हे कुठलं तर्कशास्त्र? पोलिओची लस आली म्हणून पोलिओ झालेल्यांच्या काठ्या काढून घेतल्या का आपण? आणि खरं सांगू? प्रतिबंधाचा प्रचार सगळ्यात चांगला कोण करतं माहीत आहे? हेच मोठे झालेले रुग्ण. कॉलेजात जाऊन "मी थॅलेसेमिक आहे, तुम्ही तपासणी करा" असं एखादीने सांगितलं, की माझ्या दहा भाषणांपेक्षा जास्त परिणाम होतो.

तिसरं उत्तर: "बोन मॅरो ट्रान्सप्लांट करून टाकायचं ना!"

जुळणारं भावंड असेल, वय लहान असेल, यकृत चांगलं असेल, तर जरूर करावं. उत्तम उपाय आहे. त्यासाठी २०१७ पासून कोल इंडियाच्या निधीतून "थॅलेसेमिया बाल सेवा योजना" आहे, दहा लाखांपर्यंत मदत मिळते. चांगली योजना आहे. पण नाव पुन्हा एकदा वाचा. बाल सेवा. लहान वयात यश जास्त मिळतं म्हणून ती मुलांसाठी आहे, हे मला मान्य आहे. मग ज्यांची वेळ निघून गेली, ज्यांना जुळणारं भावंड नव्हतं, त्यांच्यासाठी काय? प्रौढांमध्ये लोहाने शरीर थकलेलं असतं, प्रत्यारोपणाचा धोका वाढतो. जनुकीय उपचार परदेशात मंजूर झाले आहेत, पण त्यांची किंमत माणशी कोट्यवधी रुपयांत जाते. आज, या महिन्यात, आपल्याकडच्या प्रौढ रुग्णाला जगवणारी गोष्ट एकच: वेळेवर पुरेसं, सुरक्षित रक्त आणि लोह काढणारं औषध.

कायदा अर्ध्यावर थांबला

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने थॅलेसेमियाला २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत जागा दिली. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं, तर उच्च शिक्षणातल्या ५ टक्के आरक्षणात प्रवेश मिळू शकतो. छान झालं. पण त्याच कायद्यातलं सरकारी नोकरीचं ४ टक्के आरक्षण पाहा. त्या यादीत थॅलेसेमिया नाही, हिमोफिलिया नाही, सिकलसेल नाही.

म्हणजे कायदा म्हणतो: तू शीक, पण नोकरी मात्र तुझी तू शोध. शिकवताना दिव्यांग, आणि पगार द्यायच्या वेळी धडधाकट! पुन्हा तेच. आपल्याला हा आजार विद्यार्थ्यापर्यंत दिसतो. त्यापुढे दिसत नाही.

खाजगी नोकरीतल्यांचं तर विचारूच नका. तीन आठवड्यांतून एक दिवस सुट्टी. त्यात रक्त जुळवायला एक चक्कर आदल्या दिवशी. वर्षाला सतरा-अठरा दिवस रक्त चढवण्यात, तेवढेच अर्धे दिवस फेऱ्यांत. संध्याकाळी किंवा रविवारी रक्त चढवायची सोय असती, तर यातल्या कितीतरी जणांच्या नोकऱ्या टिकल्या असत्या. लहान मूल शाळा बुडवतं, मोठा माणूस पगार बुडवतो. म्हणून लहान मुलांसाठी आखलेल्या वेळा मोठ्यांना चालत नाहीत.

आणि लग्न? थॅलेसेमिया मेजरच्या व्यक्तीने लग्न करू नये, असं कुठलंही वैद्यकशास्त्र सांगत नाही. जोडीदाराची तपासणी करा. जोडीदार वाहक नसेल, तर मुलं फक्त वाहक होतील, एकालाही मेजर होणार नाही. जोडीदार वाहक असेल, तर प्रत्येक गरोदरपणात मेजरची शक्यता निम्मी. हृदय, लोह, साखर नीट सांभाळली, आधी तयारी करून योग्य औषधं थांबवली, तर थॅलेसेमिया असलेल्या स्त्रिया आई होतात. होतात, आणि मुलांना शाळेत सोडून स्वतः रक्त चढवायला येतात.

मग व्हायला काय हवं?

माझ्या मागण्या फार मोठ्या नाहीत.

१. प्रत्येक जिल्ह्यात जिथे मुलांचं थॅलेसेमिया केंद्र आहे, तिथेच किंवा त्याला जोडून मोठ्यांचं केंद्र असावं. एक ठरलेला फिजिशियन, ठरलेली सिस्टर. १८ व्या वर्षी फाईल हातात देऊन निरोप नको. १६ व्या वर्षापासून दोन्ही डॉक्टरांनी मिळून रुग्ण बघावा आणि हळूहळू सोपवावा.

२. रक्त वजनाप्रमाणे द्यावं. रक्त देण्याआधीचं हिमोग्लोबिन प्रत्येक वेळी लिहावं. ते ९.५ च्या खाली येत असेल, तर दोष रुग्णाचा नाही, वेळापत्रकाचा आहे.

३. या रुग्णांकडून बदली रक्तदाता मागणं बंद व्हावं. थॅलेसेमियाच्या रुग्णांना रक्त मोफत आणि बदली रक्तदात्याशिवाय द्यावं, हे सरकारचंच धोरण आहे. हा हक्क आजारामुळे मिळालेला आहे, वयामुळे नाही. वर्षाला ३५ दाते आणणार कुठून तो?

४. फक्त ए-बी-ओ आणि आर-एच-डी बघून थांबू नये. सी, ई आणि केल हे उपगटही जुळवावेत. नाहीतर शरीरात प्रतिपिंडं तयार होतात आणि पुढे रक्त जुळणंच अवघड होतं. वर्षानुवर्षं रक्त घेतलेल्या प्रौढांमध्ये ही अडचण खरी आहे.

५. वर्षातून एकदा हृदयाचा आणि यकृताचा एमआरआय, ग्रंथींच्या चाचण्या, हाडांची घनता, डोळे-कानांची तपासणी, हे सगळं केंद्रामार्फत मोफत व्हावं. लोह काढणारं औषध अखंड मिळावं. "या महिन्यात स्टॉक नाही" हे चालणार नाही.

रुग्णांनो, तुमच्यासाठी

स्वतःची एक वही ठेवा. तारीख, आधीचं हिमोग्लोबिन, किती पिशव्या, वजन. तीन महिन्यांनी फेरिटिन. नवीन डॉक्टरसमोर ती वही ठेवा. डॉक्टर "सातच्या खाली" म्हणाले, तर नम्रपणे सांगा, "डॉक्टर, मला थॅलेसेमिया मेजर आहे, माझं लक्ष्य साडेनऊच्या वर आहे." चिडू नका, पण गप्पही बसू नका. प्लीहा काढलेली असेल, तर तसं कार्ड खिशात ठेवा. लोहाच्या गोळ्या किंवा लोहाचं टॉनिक कुणी दिलं, तर घेऊ नका. "अशक्तपणा आहे" म्हणून ते आजही दिलं जातं! आणि रक्त मिळत नाही तेव्हा आई, वडील किंवा भावंडाचं रक्त घेऊ नका. जवळच्या नात्यातलं रक्त क्वचित जीवघेणी प्रतिक्रिया देऊ शकतं, आणि पुढे प्रत्यारोपण करायचं झालं तर त्यातही अडथळा येतो.

आणि बाकीच्यांनो, तुमच्यासाठी

वाढदिवसाला रक्त द्या, जयंतीला द्या, माझी काही हरकत नाही. पण त्यातली एक तारीख मे महिन्यात हलवा. मंडळाने वर्षातून एक मोठं शिबिर घेण्यापेक्षा तीन-तीन महिन्यांनी चार छोटी घ्यावीत. तुम्ही १८ ते ६५ च्या मध्ये आहात, वजन ४५ किलोच्या वर आहे, हिमोग्लोबिन १२.५ च्या वर आहे, तर तुम्ही त्या दहा-बारा माणसांपैकी एक होऊ शकता.

तो कापड दुकानातला मुलगा? त्या दिवशी त्याला एक पिशवी चढवली, हिमोग्लोबिन इतकं खाली असताना घाई करता येत नाही म्हणून सावकाश. दुसरी दोन दिवसांनी. आता दर तीन आठवड्यांनी दोन ठरल्या आहेत. चार महिन्यांत त्याचं आधीचं हिमोग्लोबिन ९.६ वर आलंय. परवा जिना चढून आला आणि लगेच बोलायला लागला. मालक पगार वाढवायला तयार नाही, अशी तक्रार करत होता.

मला बरं वाटलं. २४ वर्षांच्या माणसाच्या तक्रारी अशाच असायला हव्यात.

(हा लेख माहितीसाठी आहे. औषधं सुरू करणं, बदलणं किंवा थांबवणं हे आपल्या डॉक्टरांशी बोलूनच करावं.)